पाळणाघराची पाहणी

बाईंच्या पाळणाघरात मुलांची घरची नावं फारशी चालत नसत. व्हरांड्याच्या भिंतीला, मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, लाकडी खुंट्यांची लांबलचक रांग होती आणि प्रत्येक खुंटीच्या वर एक चित्र रंगवलेलं होतं. गुंडी, पतंग, छत्री, किल्ली, चमचा. मूल ज्या खुंटीला आपली पिशवी अडकवी, तेच त्याचं नाव. हौसेनं ठेवलेली लांबलचक नावं घरीच राहत आणि इथे दिवसभर "छत्री, नाक पूस" आणि "पतंगा, तिला चावू नकोस" असा कारभार चाले. चमच्याच्या आईला तेवढं आपल्या लेकाचं नाव पसंत नव्हतं, पण ती खुंटी त्यानं स्वतः निवडली होती आणि काही केल्या तो ती सोडायला तयार नव्हता. शेवटी तिनंच हात टेकले.

पाळणाघर सरकारी होतं. बाई त्याच्या प्रमुख. आता हाताखाली एकटी काकू असताना प्रमुख म्हणायचं की नाही हा प्रश्नच आहे, कारण काकू दूध तापवायच्या, लादी पुसायच्या आणि मुलांपेक्षा जास्त रुसायच्या, तेव्हा त्यांनाही सांभाळावं लागे. सकाळी गावातल्या बायका कामावर निघायच्या आत दार उघडायचं आणि शेवटची आई मूल घेऊन गेल्यावर कुलूप घालायचं, असा बाईंचा दिवस. मधल्या वेळात त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. सुट्टीच्या दिवशी टाकत, पण त्या दिवशी सगळं गावही बंदच असे.

रोज सकाळी व्हरांड्यात एकच धांदल उडे. आया मुलांचे मुके घेत, पदर सोडवून घेत, "बाई, याला खोकला आहे हं", "बाई, हिनं काही खाल्लेलं नाही" असं सांगत पळत सुटत. मग फाटक लागे. त्या आवाजासरशी बाईंच्या मनात रोज न चुकता एक गोष्ट येई, की सगळे कुठे कुठे गेले आणि आपण तेवढ्या मागे राहिलो. कुणाजवळ त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. सांगून तरी काय होणार होतं? पुढच्याच क्षणी कुणीतरी भोकाड पसरलेलं असे आणि त्याला उचलून घ्यावं लागे.

घरी त्यांचा थोरला भाऊ होता. दादाची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हापासून भाऊ-बहीण एकाच छताखाली राहत. दादाचा बॅगा शिवायचा कारखाना होता, गावात सगळ्यात मोठा, आणि तो आपण मनगटाच्या जोरावर उभा केला असं दादा समोर दिसेल त्याला सांगे. बहिणीवर त्याचा जीव होता. पाळणाघराचा मात्र त्याला राग होता. झालं होतं असं, की एके वर्षी सरकारनं या भागातल्या दोन गावांसाठी पैसे काढले. शेजारच्या गावाच्या वाट्याला रुंद रस्ता आला आणि या गावाच्या वाट्याला पाळणाघर. दादाच्या मनात ते घर करून बसलं होतं.

"रस्ता निदान दिसतो तरी," तो जेवताना म्हणे. "तुझं पाळणाघर नुसतं ऐकू येतं."

बाई हसून वाढत. पण यंदा हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. वरच्या कचेरीत हात आखडता घ्यायचं ठरलं होतं. ज्या खर्चानं त्या भागाची भरभराट होत नाही तो बंद करायचा, असा हुकूम निघाला होता. गावाला रस्ता मिळावा म्हणून दादानं केलेला अर्ज कचेरीत पडूनच होता. रस्ता की पाळणाघर, दोन्हीतलं एकच मिळणार होतं, आणि पाहणी करायला शहरातून एक साहेब यायचे होते. पाळणाघर बंद झालं तर बाईंची नोकरी जाणार नव्हती. त्यांना शहरातल्या कचेरीत टेबल मिळालं असतं, वर पंखा आणि समोर टाइपरायटरऐवजी आता असतो तो कॉम्प्युटर. ते टेबल डोळ्यांसमोर आलं की बाई जवळचं एखादं मूल उचलून घेत.

पाहणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बस-कंडक्टरीण आपल्या किल्लीला न्यायला आली. ही तोंडाची फटकळ, मनानं सोनं, आणि तिच्या कानावर पडलेली गोष्ट दिवेलागणीच्या आत गावभर झाली नाही असं कधी घडलं नव्हतं. बाई तेव्हा खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. एकीकडे दूध सांडलेलं, दुसरीकडे पतंग आणि छत्रीची हाणामारी चाललेली.

"उद्या साहेब यायचेत," बाई कपाळ पुसत म्हणाल्या. "आणि हा असा बाजार. यात कुणाला काय नीटनेटकं दिसणार आहे?"

एवढंच म्हणाल्या. थकल्याभागल्या माणसाचं बोलणं ते, त्याचा अर्थ तेवढाच. पण त्या गावाला एक खोड होती. कुणाकडे पाहुणे येणार असले की शेजारणी न सांगता त्या घरची पोरं उचलून आपल्या घरी न्यायच्या, म्हणजे बिचारीला पाहुण्यांकडे धड बघता यावं. कंडक्टरणीनं किल्लीला काखोटीला मारलं, बाईंकडे एकवार मायेनं पाहिलं आणि ती भरभर निघून गेली. बाईंना वाटलं, हिला आज घाई दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी दार उघडलं. काकूंनी लादी अशी पुसली होती की तिच्यात तोंड दिसावं. खुंट्या रिकाम्या होत्या, त्या रिकाम्याच राहिल्या. व्हरांड्यात कुणी आलं नाही. फाटक वाजलं नाही. बाई आधी दारात उभ्या राहिल्या, मग फाटकाशी, मग रस्त्यात. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गावात साथ आली म्हणावं तर एका रात्रीत सगळ्यांना कशी येईल?

आले ते साहेब. शहराकडून येणारी पहिली बस त्यांना सोडून पुढे गेली. सडपातळ, चष्मा लावलेले, खांद्याला जड पिशवी, आणि तोंडावर असा भाव की चहा मिळाल्याशिवाय या माणसाचा दिवस सुरू होत नसावा. बाईंनी त्यांना मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसवलं, कारण दुसरी खुर्चीच नव्हती. गुडघे हनुवटीला लावून ते बसले आणि त्यांनी ती लखलखीत, शांत खोली नजरेखालून घातली.

"छान ठेवलंय," ते म्हणाले. "मुलं?"

"येतील," बाई म्हणाल्या.

काकूंना चहा आणायला पाठवलं. त्या तशाच परत आल्या. कोपऱ्यावरची चहाची टपरी बंद होती. साहेबांनी मान हलवली, पाणी पिऊन घेतलं आणि पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. बाईंनी हजेरीचं रजिस्टर पुढे केलं तेव्हा त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही.

"रजिस्टरं सगळीकडे भरलेलीच असतात, बाई. तुमच्यावर अविश्वास नाही. पण या खेपेला आम्हाला सांगून ठेवलंय, दुपारी बारा वाजता स्वतःच्या डोळ्यांनी जेवढी मुलं दिसतील तेवढीच लिहायची."

माणूस वाईट नव्हता. उलट इतका सरळ होता की त्याच्याशी भांडायचीही सोय नव्हती. बाई मान खाली घालून बसल्या. बाराचे ठोके पडले. साहेबांनी पेन काढलं, एकदा दाराकडे पाहिलं, जरा थांबले, थोडं आणखी थांबले, आणि मग त्यांनी शून्य लिहिलं. बाईंना ते लिहिताना दिसलं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ते लपवायला त्या उठून उगीचच खिडकी लावू लागल्या.

एवढ्यात फाटक धाडकन आपटलं. दादा होता. घामाघूम, तोंड लाल.

"अगं, तुला काही काळवेळ आहे की नाही?" तो व्हरांड्यातूनच गरजला. "आज बंद ठेवायला कुणी सांगितलं तुला?"

"मी कुठे बंद ठेवलंय? उघडून बसलेय सकाळपासून."

"मग माझ्या बायका का आल्या नाहीत? निम्म्याहून जास्त मशीन नुसत्या उभ्या आहेत. गेटवर ट्रक येऊन थांबलाय, माल आज भरायचाय, आणि शिवायला माणूस नाही. निरोप पाठवला तर एकच उत्तर, मूल घरी आहे. अरे, आहे तर आहे! पाळणाघर कशाला काढलंय मग सरकारनं?"

हे बोलून झाल्यावर त्याला बुटक्या खुर्चीत बसलेले साहेब दिसले.

"आपण?" साहेबांनी विचारलं.

दादानं आपली ओळख सांगितली. साहेबांनी चष्मा जरा वर केला. "म्हणजे रस्त्याचा अर्ज आपलाच का?"

"हो," दादा अगदी हळू आवाजात म्हणाला. त्याच्या आयुष्यात असे प्रसंग फार थोडे आले होते.

मग तिघंही बाहेर पडली. गुंडीचं घर सगळ्यात जवळ, म्हणून आधी तिथे. दार गुंडीच्या आईनंच उघडलं. एका कडेवर गुंडी, दुसऱ्या हातात पळी, केस विस्कटलेले. ती दादाच्याच कारखान्यात बॅगांना पट्टे लावायची. मालकाला पाहून ती दचकली, पण बाईंना पाहताच तिचा चेहरा उजळला.

"झालं का सगळं नीट, बाई?" तिनं हळूच विचारलं, साहेबांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, जे त्या दीड हाताच्या ओट्यावर शक्यच नव्हतं. "आम्ही एकसुद्धा पोर पाठवलं नाही. कंडक्टरीण काल घरोघर सांगून आली. म्हटलं, बाई इतकं करतात आपलं, एक दिवस त्यांचं घर नीट दिसू दे. पगार बुडाला तर बुडाला."

 हिला खडसावावं की मिठी मारावी, बाईंना दोन्ही एकदमच वाटत होतं. त्यांनी नुसता गुंडीच्या गालावरून हात फिरवला. अशी माणसं असतात. जीव लावतात आणि त्याच जिवानं पार गोत्यात आणतात. त्यांच्यावर रागवायचं म्हटलं तर आधी आपल्या डोळ्यांतलं पाणी आवरावं लागतं.

"पोरी," बाई शेवटी म्हणाल्या, "साहेब मुलंच बघायला आले होते गं."

गुंडीच्या आईच्या हातातली पळी खाली आली. तिनं साहेबांकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि गुंडीला तशीच कडेवर घेऊन ती अनवाणी पुढच्या घराकडे पळाली. पाचेक मिनिटांत सगळ्या गल्लीतून दारं उघडल्याचे आवाज यायला लागले. आया पोरांना उचलून पाळणाघराकडे धावत सुटल्या. कुणाच्या तोंडाला घास तसाच, कुणाच्या पायात एकच चप्पल.

"राहू द्या," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं. "बाराला जे दिसलं ते लिहून झालंय. आता खोडलं तर ते खोटं होईल."

बाईंनी मान हलवली. खोटं त्यांनाही नको होतं. धावत आलेल्या आया पोरांना घेऊन तशाच माघारी वळल्या.

साहेबांना परतीची बस गाठायची होती, म्हणून तिघं स्टँडकडे चालू लागली. वाटेत टपरी लागली, तिला कुलूप. चहावालीची जुळी पोरं घरी होती. पोस्टाची एकच खिडकी उघडी आणि तिच्यापुढे वैतागलेली रांग, कारण पलीकडच्या खिडकीवर बसणारी छत्रीची आई आली नव्हती. न्हाव्याचं दुकान तेवढं उघडं होतं. बायको दवाखान्यात नर्स, तिला सुट्टी मिळाली नाही, म्हणून न्हावी एका हातानं गिऱ्हाईकाला साबण लावत होता आणि दुसऱ्या हातानं पतंगाची मानगूट धरून होता. खुर्चीतलं गिऱ्हाईक डोळे गच्च मिटून जिवाची खैर मागत होतं. कारखान्याच्या गेटवर ट्रकचा ड्रायव्हर सावलीत पाय पसरून झोपला होता. स्टँडवर बस उभी होती. ड्रायव्हर होता, माणसं होती, बोचकी होती. कंडक्टरीण नव्हती.

"आज गाडी सुटत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "तिचं पोरगं घरी आहे."

साहेब बोचक्यांच्या कडेला उभे राहिले. मग त्यांनी मागे वळून आल्या वाटेकडे पाहिलं. कुलूप, रांग, न्हावी, ट्रक.

"बाई, रोज हे सगळं चालू असतं?"

"मला काय माहीत, साहेब?" बाई म्हणाल्या. "मी रोज आत असते."

साहेबांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग विश्रामगृहाची वाट विचारली.

संध्याकाळी जेवताना दादानं रस्त्याचं नाव काढलं नाही. ताटात चिवडत बसला होता. बाईंनी वाढायला हात पुढे केला तेव्हा त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"मला वाटायचं, त्या माझ्याकडे पगारासाठी येतात," तो म्हणाला. "पगार तर मी आधीही देत होतो. तुझं दार उघडायच्या आधी मला दोन मशीनवर बसायला माणसं मिळत नव्हती. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही बघ."

"माझ्याही नाही आलं," बाई म्हणाल्या.  बऱ्याच वर्षांनी त्या स्वयंपाकघरात रस्त्यावरून वाद झाला नाही, आणि बाईंना ते फार जड गेलं. दादा भांडत नसला म्हणजे गोष्ट हाताबाहेर गेली, असा त्यांचा अनुभव होता.

सकाळी दार उघडण्याआधीच सगळ्या आया व्हरांड्यात हजर होत्या. कुणाची मान वर नव्हती. सगळ्यात मागे कंडक्टरीण उभी होती, किल्लीला घट्ट धरून, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बाईंनी एकेक पिशवी खुंटीला लावली. कंडक्टरणीची पाळी आली तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

"जा, गाडी सोड वेळेवर. माणसं ताटकळतात तुझ्यासाठी."

ती पदरानं डोळे पुसत पळाली.

विश्रामगृहात रात्र काढून साहेब आले ते मुलं दुधाला बसली होती तेव्हा. दारातच त्यांना चमच्यानं अडवलं, कारण त्यांनी जोडे काढले नव्हते. जोडे काढून ते पुन्हा त्याच बुटक्या खुर्चीत बसले. टपरी उघडली असावी, कारण माणूस कालच्यापेक्षा बराच माणसात दिसत होता.

"कालचं शून्य तसंच राहणार," ते म्हणाले. "ते मी पाहिलंय. पण शून्य का, हेही मी पाहिलंय. मुलं इथे नसली की या गावाचं काय होतं ते. आता मुलं इथे असताना काय होतं ते लिहायचंय. त्याशिवाय कागद पुरा होत नाही."

"मग बघा ना, साहेब. गाव समोरच आहे."

"मी बघून काय करू? मला बायका दिसतील. कोण कुणाची आई ते मला कसं कळणार? ते तुम्हालाच ठाऊक." त्यांनी घसा खाकरला. "तुम्ही जा. एक चक्कर मारून या. तोवर मी आणि काकू इथे आहोत."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी शहरापर्यंत चालत जाऊन यायला सांगितलं असावं. मुलं आत असताना बाहेर? काकूंनी मात्र क्षणात साहेबांना हेरलं आणि छत्रीला त्यांच्या मांडीवर नेऊन बसवलं. छत्रीला त्या दिवशी सर्दी होती. साहेबांच्या कोटाचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

बाई फाटकाबाहेर आल्या. ऊन चांगलं वर आलं होतं आणि गल्ली नेहमीची होती, पण त्यांना ती परकी वाटली. सुट्टीच्या दिवशी ती नुसती गल्ली असे. आज तिला आवाज होता. टपरीपुढे गर्दी होती. चहावाली एका हातानं पातेलं ओतत होती, दुसऱ्या हातानं सुटे देत होती, आणि बाईंना पाहताच दोन्ही हात जागच्या जागी थांबले.

"बाई? माझी पोरं...?"

"दूध पिताहेत. एक पीत नाहीये, तो दुसऱ्याचं सांडतोय."

चहावालीचा जीव भांड्यात पडला. तिनं पैसे न घेता चहा पुढे केला आणि बाईंनी तो उभ्या उभ्या घेतला. पोस्टात दोन्ही खिडक्या चालू होत्या. दवाखान्याच्या ओसरीत पतंगाची आई एका म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टी बांधत होती आणि त्याला तेच सांगत होती जे बाई पतंगाला सांगत, "हलायचं नाही, झालंच." जिथे जिथे बाई गेल्या तिथे आधी एक भेदरलेला चेहरा वर आला, मग "झोपलंय", "खेळतंय", "आज रडलं नाही" असं ऐकून तो खाली, कामाकडे गेला. बाईंनी आजवर या बायका फक्त घाईत पाहिल्या होत्या, येताना आणि जाताना. आज त्या पहिल्यांदाच त्यांना स्थिर हातांनी काम करताना दिसल्या. आपापल्या जागी त्या किती देखण्या दिसत होत्या.

कारखान्याचा आवाज गेटच्या बराच अलीकडून येत होता. बाई आत आल्या तेव्हा सगळ्या मशीन एकदम धडधडत होत्या, आणि त्या आवाजात त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. दादानं त्यांना पाहिलं आणि तो लगबगीनं आला.

"तू? आणि पोरांपाशी कोण?"

"साहेब."

दादा एवढ्यानं हसला की दोन ओळींतल्या बायकांनी मान वर केली. मग त्यानं स्वतःची खुर्ची ओढून आणली, रुमालानं पुसली आणि बहिणीला बसवलं. त्याच वेळी ट्रकचा ड्रायव्हर पावतीवर सही घ्यायला आला. मालकानं कुणाला एवढी खुर्ची पुसून दिली म्हणून त्यानं कुतूहलानं पाहिलं.

"पाहुण्या का?"

"पाहुणी कसली? धाकटी बहीण माझी," दादा म्हणाला. मशीनच्या आवाजामुळे त्याला ओरडूनच बोलावं लागलं, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "हा कारखाना हिच्या जिवावर चालतो."

बाई खुर्चीत फार वेळ बसल्या नाहीत. मुलं दुधानंतरची डुलकी काढून उठायची वेळ झाली म्हणून निघाल्या. दादा गेटपर्यंत सोडायला आला आणि जाता जाता, दुसरीकडे बघत, पुटपुटला, "साहेबाला सांग, माझा अर्ज पुढच्या वर्षावर ढकला म्हणावं. रस्ता मात्र पाहिजेच मला. सोडणार नाही मी."

"सोडू नकोस," बाई म्हणाल्या. 

पाळणाघरात साहेब भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. चष्मा चमच्याकडे होता. बाईंना पाहून त्यांना झालेला आनंद लपत नव्हता.

"काय पाहिलंत?"

बाईंनी सांगायला सुरुवात केली. टपरीवर कोण, पोस्टात कोण, दवाखान्यात कोण. साहेब कागद नाकाशी धरून भराभर लिहीत होते. कारखान्यापर्यंत आल्यावर बाईंनी एकेकीचं नाव घ्यायचं सोडलं.

"सगळ्या होत्या, साहेब," त्या म्हणाल्या. "सगळ्या कामावर होत्या."

साहेबांनी तेही लिहिलं, आणि अर्ज पुढच्या वर्षावर ढकलायचा दादाचा निरोपही टिपून घेतला. मग खाली एक ओळ लिहून त्यांनी ती वाचून दाखवली. पाळणाघर चालू ठेवावं, आणि हाताखाली आणखी एक माणूस द्यावा, अशी माझी शिफारस आहे. दुसरं वाक्य आपण गेल्या तासाभराच्या अनुभवावरून घातलं, असं ते म्हणाले. आपली शिफारस वरून सहसा परत येत नाही, असंही त्यांनी सांगितलं, आणि हा माणूस उगीच धीर द्यायला काही बोलत नाही हे बाईंना एव्हाना कळलं होतं. काकू मागे उभ्या राहून रडत होत्या आणि आपल्याला कांदा लागला असं सांगत होत्या. कांदा घरात नव्हता.

तेवढ्यात गुंडी झोपेतून उठली. डोळे चोळत आली आणि बाईंच्या मांडीत शिरली.

"तू कुठे गेली होतीस?"

"तुझ्या आईकडे."

गुंडी खडबडून जागी झाली. "आई काय करत होती?"

इतकी वर्षं मुलं हे विचारत आली होती आणि बाई इतकी वर्षं "कामाला गेलीय, येईल हं" एवढंच सांगत आल्या होत्या. त्यापलीकडचं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी गुंडीला नीट मांडीवर घेतलं.

"तुझी आई खिडकीपाशी बसली होती. तिच्या पुढ्यात एक मोठ्ठी निळी बॅग होती, तुझ्याहून मोठी. तिला ती पट्टा लावत होती. पट्टा असा घट्ट ओढून बघायची, आणि नीट बसला की हसायची."

"अशी?" गुंडी हसून दाखवत म्हणाली.

"अगदी अशीच."

ते ऐकून पतंग सरकत जवळ आला. मग छत्री, मग जुळी पोरं, मग चष्मा घातलेला चमचा. "माझी?", "बाई, माझी आई?", "आधी माझी सांग." बाईंच्या भोवती दाटी झाली, पाठीवर, गुडघ्यांवर, मिळेल तिथे. बाहेर रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, साहेब उठले आणि किल्लीनं विचारलं, "आणि माझी आई काय करते?"

"तुझी आई बसच्या दारात उभी आहे," बाई म्हणाल्या, "आणि साहेबांना सांगतेय की लवकर चढा, गाडीला उशीर होतोय."

साहेबांनी चमच्याकडून चष्मा घेतला, जोडे घातले आणि खरोखरच पळत सुटले. बाईंनी वळून पाहिलं नाही. अजून बऱ्याच आयांचं सांगायचं राहिलं होतं.